किल्ली कुठं टांगायची

शाळा सुटली की दप्तरासकट येतात,
मे महिन्यात तर चहाच्याही आधी.
तालमीच्या दाराशी चपलांचा ढीग,
त्यातली एक डावी हमखास गटारात.
मी कुलूप काढतो. गुडघा कुरकुरतो.
या पेठेचा गोली होतो मी,
आता नुसती किल्ली अडवून बसतो.

फुटबॉल साडेपाचला.
त्याआधी यंदा वेगळंच काढलंय पोरांनी.
दस्तगीर मिस्त्रींची पाणसळीची नळी,
वीस हात लांब, आत लाल पाणी,
एका टोकाला उमर, दुसऱ्या टोकाला रेवती,
मधे अख्खी गल्ली.
"फुगा आलाय लगा, फुगा काढ!"
"हलवू नको म्हणतो ना मी!" रेवती ओरडते.
आमच्याकडं पोरीही "म्हणतो"च म्हणतात.

गिरणीच्या भिंतीवर पुराचा डाग अजून आहे,
पिठाखालून दिसतो.
तिथनं उंची उचलायची,
दारोदार न्यायची, निळी रेघ मारायची,
म्हणजे पुढच्या वेळी
गाद्या कुठवर चढवायच्या ते कळेल.

जमीलाभाभींनी ताक दिलं, वर गोष्टही दिली,
"माझा फ्रीज या दारातनं आत आला
नि त्या दारातनं गेला, वरातीसारखा."
अतिग्रे मास्तर आडवे आले,
"आमच्या भिंतीवर नको. घर विकायला काढलंय."
"मग घेणाऱ्याला नको का कळायला?"
रेवती ब्रश धरून उभी. मास्तर आत गेले.
संध्याकाळी म्हणे त्यांनीच हाक मारली,
मागच्या बाजूला मारा म्हणून.

प्रत्येक रेघेला पाठ लावून पोरं उभी राहतात.
उमरच्या नाकापर्यंत.
रेवतीच्या भुवयांना.
कृपाच्या डोक्यावर अजून दोन वीत पाणी,
तरी ती टाचा उंचावते,
दर घरी, नव्यानं.

मग तालमीचा नंबर आला.
रेघ कुलपाच्या वर हातभर.
उमरनं सहज विचारलं,
"काका, त्या साली वरच्या मजल्यावर
किती माणसं राहिली होती?"

कुणीच नाही, म्हटलं.
कुलूप होतं.
किल्ली माझ्या खिशात,
मी इचलकरंजीला बहिणीकडं, रस्ते बंद.
दगडानं फोडलं लोकांनी,
तेही पाणी कमरेला लागल्यावर,
तोवर निम्मे दुसरीकडं गेले होते, काखेत पोरं धरून.
परत आलो तर नवं कुलूप माझ्याच हातात दिलं.
पेठेत असं असतंय,
गोल खाल्ला तर आठवडाभर शिव्या,
आणि यावर आजवर
एक शब्द नाही.

पोरंही काही बोलली नाहीत.
ब्रश तेवढा सरकला, कुलपावरून.
मग रेवती म्हणाली, "दुसरी करून घेऊया की."
पन्नास रुपये. बत्तीस जमले पोरांचे,
बाकीचे मिस्त्रींनी घातले, मला काढू दिले नाहीत.

किल्ली झाली, तर खिळ्यावरून भांडण.
गिरणीत टांगायची, हे ठरलं,
तिथं रात्रीही कुणी तरी असतं.
पण रेघेच्या खाली ठोकला तर बुडणार,
वर ठोकला तर कृपाचा हात पुरत नाही.
"तिला कशाला पुरायला पाहिजे?"
"तीच असली एकटी तर?"
स्टूल ठेवूया. स्टूल तरंगतंय.
दोरी बांधूया. दोरीला उंदीर.
साडेपाच वाजून गेले,
चेंडू कोपऱ्यात तसाच, अर्धी हवा गेलेला.

शेवटी मिस्त्रींनी वरच ठोकला.
उमर वाकला,
कृपा त्याच्या खांद्यावर चढली,
पीठ उडालं, सगळे शिंकले,
पहिल्यांदा किल्ली पडली.
"परत," रेवती म्हणाली.
कृपा ताणली, एका पायावर,
उमर डगमगला,
आणि मी खाली जाऊन उभा राहिलो,
गुडघे वाकवून,
दोन्ही हात पसरून.