समुद्रापलीकडचं झाड

एन्टोटोच्या उतारावर पहाटे चारला
येशीमेबेत पानं गोळा करते,
वाळलेली, कोयत्याच्या पात्यासारखी.
वनरक्षक उठायच्या आत
गाठ आवळायची, गुडघा टेकायचा,
अंगापेक्षा रुंद भारा पाठीवर घ्यायचा
आणि शिरो मेडापर्यंत उतरायचं,
नजर पुढच्या चार पावलांवर.
मागून येणाऱ्या ट्रकला बाई दिसतच नाही,
एक झुडूप चालताना दिसतं.

तिथे या झाडाला म्हणतात बाहिर झाफ,
समुद्रापलीकडून आलेलं झाड.
आपण निलगिरी म्हणतो,
जणू त्या डोंगरालाच झालेलं पोर.
पाहुण्याला आडनाव देऊन टाकायची आपली खोड.

येशीमेबेतनं समुद्र पाहिलेला नाही.
तिच्या देशालाही आता समुद्र उरलेला नाही.

झरा आटला तेव्हा म्हातारा देम्सेव म्हणाला,
हेच पितं सगळं, ढोसतं.
असेलही.
पण त्याच्या घराचे खांब याचेच,
खोकल्यावर वाफ याचीच,
आणि शिव्या देतो तोही याच्याच सावलीत बसून.
तोडलं की बुंध्यातून चौफेर फुटतं.
नवं पान गोल असतं, चांदीच्या नाण्यासारखं.
वय वाढलं की त्याचा कोयता होतो.

थोरली फ्रेहिवोत मेलबर्नला असते,
म्हाताऱ्यांच्या आश्रमात, रात्रपाळीला.
परवा फोनवर म्हणाली,
आई, आपली झाडं आहेत इथे.
बसथांब्यामागे. अगदी आपल्या चुलीचा वास.
मी थोडी साल सोलून खिशात ठेवली.

कुणी नेली गं तिथे?

कुणी नाही. ती इथलीच आहेत.

बराच वेळ नुसती खरखर.

मग येशीमेबेतनं विचारलं,
तिथे पानं कोण वेचतं?
कुणीच नाही, आई. पडून असतात.
उन्हाळ्यात कधी कधी रानच पेटतं.

पडून असतात, ती म्हणाली,
उकिरड्यावर अख्खी भाकर दिसावी तशी.
आणि इंजेराच्या तव्याखाली
आणखी एक मूठ सारली.

दुसऱ्या पहाटे, गाठ आवळण्याआधी
तिनं एक गोल पान बाजूला काढलं.
पाठवायला नाही,
तिकडे काय, रानंच्या रानं आहेत.
उगाच. झग्याच्या खिशात.
मग गुडघा टेकला.