हेमलीबाईच्या माळेतला अमीर

तुरी निघाल्या की हेमलीबाई तांड्यावरून खाली येते.
दारव्ह्याच्या रस्त्याला माझं दुकान: एक भाता, एक काटा,
आणि खांबाला टेकून तिची ठरलेली जागा.
यंदा तिनं गळ्यातली माळच उतरवली.
"हे एक मोड. सुनेच्या तोरड्याले तोळाभर कमी पडते."

राणीछाप आणि निजामाच्या रुपयामधे
पातळ, कडा झिजलेलं, कलत्या अक्षरांचं एक नाणं.
बैलांच्या पाठीवर मीठ वाहणाऱ्या तिच्या कुणा पूर्वजानं
कुठल्या बंदरावर, कशाच्या बदल्यात घेतलं,
तिला माहीत नाही. मला तर नाहीच.

मुशीत टाकायला हात होईना.
उर्दू शाळेतले मुनव्वर मास्तर मधल्या सुट्टीत आले,
खडूचा हात पायजम्याला पुसून, माझं भिंग डोळ्याला लावून
चहावर साय येईपर्यंत वाचत राहिले.

"बुरझान. अमीर बुरझान बिन सुहराब.
गाव कॉकेशसकडचं वाटतं, नाव अर्धंच उरलंय. साल गेलं.
मागं त्याच्या मालकाचं, कुणा सुलतानाचं नाव असणार,
पण नेमकं तिथंच भोक आहे."
"दोरा कुठून तरी ओवाच लागते नं," हेमलीबाई म्हणाली.

एवढंच होतं नाण्यावर.
पुढचं मी त्या रात्री घडवलं. घडवणं माझा धंदा.

एक दरी. वर बर्फ, खाली दगडी पूल,
पुलावर मेंढीमागे मूठभर लोकर जकात.
उत्तरेच्या राजाला तो घोडे धाडतो,
दक्षिणेच्या सुलतानाला चांदी,
आणि दोघांनाही एकाच दौतीतून लिहितो: मी आपलाच.
शुक्रवारी मशिदीत कुणाचं नाव घ्यायचं
ते वेशीबाहेर धूळ कुठल्या दिशेला उडते
ते बघून ठरतं.
तरी मी त्याला उंच केला, रुबाबदार केला,
खांद्यावर ससाणा दिला.

सकाळी कसोटीवर घासलं.
तेजाबाचा थेंब हिरवा पडला.
सोळा आण्यांत नऊ आणे चांदी, बाकी तांबं.

मग त्या दरीत आणखी एक माणूस आला,
टाकसाळीतला, भुवया जळलेला, माझ्याच जातकुळीचा.
"हुजूर, रंग उतरेल."
"उतरू दे. माझ्या आधी नको, बस."
ससाणा मी परत घेतला.

"नऊच आणे," मी सांगितलं.
हेमलीबाईनं तंबाखू मळता मळता थांबून विचारलं,
"लोकायले पाणी तरी पाजलं का त्यानं?"
मास्तर हसले. "नाण्यावर कोणीच वाईट नसतो, बाई."
"हं. मंग खोट्या चांदीच्या तोरड्या घालन का सून?"
आणि दातानं गाठ सोडून
तिनं राणीछाप माझ्यापुढं सरकवला. "हिलेच मोड."

किती सोळा आणी राजे या मुशीत गेले,
माझ्या हातून, बापाच्या हातून.
एकाचंही नाव मी वाचून घेतलं नव्हतं.

बस आली. ती चढली तशी माळ वाजली,
सगळे रुपये खणखणीत,
आणि मधे एक, जरा बद्द.