दोनशे चौदावा व्हर्स्ट

इशिमवरचा पूल पहिल्यांदा पांढऱ्यांनी उडवला,
जाता जाता.
लाकडाच्या घोड्या रचून आम्ही तो उभा केला
लालांसाठी, अकरा दिवसांत.
मग लाल हटले, आणि हटताना
आमच्याच घोड्यांना रॉकेल पाजून गेले.
आता पुन्हा पांढरे. कॅप्टन म्हणतो, सहा दिवस.

माझ्या पान्याला कळत नाही राज्य कुणाचं.
नट उजवीकडे आवळतो, डावीकडे सुटतो,
थंडीत बोटांची साल तेवढी त्याला चिकटून राहते.

मजुरी मिळते. तीन सरकारांच्या नोटा
येव्दोकियाने खिडकीच्या फटींना डकवल्यात.
मीठ एकीलाही मिळत नाही.

खरं सांगू? चांगले बोल्ट
बर्फ पडायच्या आधीच
मी कोबीच्या वाफ्यात पुरलेत.
हे जळकं, वाकडं, कसंबसं ठोकलेलं
पुढच्या फौजेपर्यंत पुरे.

"पारामोन, तू नक्की कुणाचा माणूस?"
दोनशे चौदाव्या व्हर्स्टचा, साहेब.

सहाव्या रात्री गाडी आली.
कंदील धरून मी डबे मोजले:
तोफांचे नऊ, घोड्यांचे चार,
आणि शेवटचे दोन, दारं बाहेरून खिळलेले.
आतून कुणीतरी पाणी मागत होतं
आमच्या गावच्या बोलीत.

माझा येगोर कुठल्या फौजेत आहे
मला ठाऊक नाही.

पूल करकरला. एका बाजूला कलला.
धरला.

सकाळी पहार घेऊन
वाफा उकरायला गेलो.
जमीन दगड झाली होती.