पाठीचा गट

उमरेड रोडवरची महापालिकेची शाळा.
सहावीच्या वर्गातले बाक बाहेर काढून
हेडाऊ सरांनी गाद्या टाकल्या होत्या,
हिरव्या, कडा उसवलेल्या,
कुठल्याशा इस्पितळाने मोडीत काढलेल्या.
मे महिना. कूलरची टाकी दुपारीच कोरडी,
वाळ्याचा वास तेवढा ओला.

पहिले सहा महिने नुसतं पडणं.
मागे पड, कुशीवर पड, गादीला चापट मार,
हनुवटी छातीशी.
"डोस्कं सांभाळ वो पोरी,
बाकी सारं रिपेअर होते."

मग फळ्यावर खडूने झाड निघालं:
उभं राहून फेकायचं, की स्वतः पडून.
उभ्याच्या तीन फांद्या, हात, कंबर, पाय.
पडणाऱ्याच्या दोन, उताणं नाहीतर कुशीवर.
जपानी नावं आम्ही मराठीतच ऐकली.
ते म्हणजे हात. कोण ते? ते.
आशी म्हणजे पाय. कशी? अशी.
उची-माता आली की भाविका मेश्राम हात जोडायची.
नागे म्हणजे फेकणं,
"म्हणून तर आपलं नागपूर," सर म्हणाले,
आणि फेकण्यातच हयात गेलेले त्यांचे दोस्त
दारात खर्रा घोटत हसले.

वर्गवारीचा नादच लागला मला.
घरी गेल्यावर माणसं लावून पाहायची:
आई कंबरेची, एका बाजूला गुंड, एका बाजूला भाऊ.
काकू पायाची, बोलता बोलता पाय काढून घेणारी.
मोठी ताई सुतेमी,
आधी स्वतः पडली, मग सासऱ्याला पाडलं, कोर्टात.
बाबा कुठेच बसेनात.

नारिंगी पट्ट्याची परीक्षा.
(नागपुरात हा रंग कोणाला नको?)
अमरावतीहून आलेले परीक्षक, चष्मा गळ्यात,
हातात छापील तक्ता.
मी भाविकाची बाही ओढली, गुडघे मोडून खाली शिरले,
ती अख्खी माझ्या पाठीवर आली
आणि पाठीवरूनच गेली.
"सेओई-नागे. गट?"
"पाठीचा."
"पाठीचा गट नसतो."
"मग?"
"हाताचा. पाठ फक्त रस्ता आहे."
पट्टा सहा महिने पुढे गेला.

रात्री बाबा कळमन्याहून आले.
मिरचीच्या पोत्यांचा दिवस, घरभर शिंका.
बंडी काढली तर मानेखाली
पोत्याच्या विणीची नक्षी उमटलेली.
मी रडत रडत सांगितलं. ते जेवायचे थांबले.
"माह्या कार्डावर काय लिवलं हाये?"
"माथाडी."
"माथ्यावर कवा पाह्यलं मले पोतं?"
आणि कांदा फोडला, मुठीने.
ते म्हणजे हात.

आता मानकापूरला मीच परीक्षा घेते.
तक्ता तोच, फक्त लॅमिनेट केलेला.
हाताचा, हेच बरोबर उत्तर, मी तेच शिकवते.
परीक्षक खोटं बोलले नव्हते:
बाहीची ओढ नसेल तर पाठ नुसती भिंत.
तरी एखादी पोरगी "पाठीचा" म्हणते,
मी चूक लिहिते,
आणि पेन थोडा वेळ तिथेच राहतो.

सेओई म्हणजे पाठीवर घेणं,
इतक्या वर्षांत हा अर्थ कोणी विचारला नाही.
मोरीपर्यंत अकरा पावलं.
बाबांचा डावा पाय आता त्यांचा नाही.
मी पलंगाकडे पाठ करते,
त्यांची बाही मुठीत, गुडघे मोडून खाली शिरते,
आणि ते येतात. फार हलके.
इतक्या हलक्या माणसाला फेकायला
काहीच लागणार नाही.
कानाशी त्यांचं हसू, खोकल्यासारखं:
"फेकशील तं नाही ना वो?"
मी म्हणते, बाबा,
हनुवटी छातीशी.