वाळा

एप्रिल लागला की देवाजी बावणे येतो,
कूलरच्या तिन्ही जाळ्या काढून
अंगणात भिंतीला टेकवतो.
मागच्या उन्हाळ्याचा वाळा
पांढराफटक, बोट लावलं की कडकड मोडतो.
बोअरच्या पाण्याचा चुना.

बत्तीस वर्षं धरमपेठेतल्या शाळेत
मी फळ्यावर मूळरोम काढले:
केसाहून बारीक, एकाच पेशीचं बोट
मातीच्या कणाला बिलगलेलं.
पाणी आपसूक आत झिरपतं,
क्षारांसाठी मात्र झाडाला पदरचं मोजावं लागतं,
आणि आतल्या दारावर पहारा असतो,
पोटॅश, तू ये. तू थांब जरा.
मुलं उतरवून घेत.
मेलेली मुळं काय करतात
हे कुणी विचारलं नाही,
मलाही सुचलं नाही.

"हे बी मुळंच होय ना, मॅडम,"
देवाजी सुतळी कापता कापता म्हणतो,
"जित्या मुळाले समजते काय घ्याचं.
मेलं का जे आलं ते पेते."

दुपारी सेहेचाळीस.
नवा वाळा भिजतो, पंप गुरगुरतो,
कुठल्याशा नाल्याकाठचा वास
माझ्या पलंगापर्यंत येतो.
खिडकीबाहेर कडुनिंब, त्याला पंप नाही.
ज्या उन्हानं मला आत कोंडलंय
त्याच उन्हाच्या जोरावर
तो तळातलं पाणी शेंड्याला नेतो.

जुन्या वाळ्याचा ढीग
मी संध्याकाळी त्याच्या आळ्यात टाकला,
चुन्यासकट.
देवाजीनं दोनशे घेतले, वर चहा.
निंबाचं तो बघून घेईल.