सगळं अद्ययावत आहे

कोराडी रोडच्या त्या पाटी नसलेल्या इमारतीत
फाटकाशी तितरमारे मोबाइल काढून घेतात,
पेनड्राइव्हचा नंबर वहीत उतरवतात
आणि दर खेपेला विचारतात,
"याच्यात का आनलं आज, बाबू?"
"नवं," मी म्हणतो.

बाहेर सेहेचाळीस. आत अठरा.
स्वेटर मी फक्त मे महिन्यात घालतो.

अकरा मशिनी.
एकीचीही वायर भिंतीपलीकडे जात नाही.
शेजारशेजारच्या कपाटात वर्षं काढली
पण एकमेकींची तोंडओळख नाही.
म्हणून मीच फिरतो एकीकडून दुसरीकडे,
नंदनवनच्या खोलीत रात्रभर उतरवून घेतलेलं,
सह्या पडताळलेलं,
दोनदा व्हायरस तपासलेलं खिशात घेऊन.

पहिलीला विचारतो, काही जुनं झालंय?
सगळं अद्ययावत आहे.
दुसरीला. सगळं अद्ययावत आहे.
तिसरी जरा वेळ घेते, मग तेच.

खोटं बोलत नाहीत बिचाऱ्या.
त्यांच्याकडची यादीच गेल्या दिवाळीची.

यादी बदलतो. पुन्हा विचारतो.
आता एकशे चौदा.
गच्चीवरची टाकी भरून वाहावी
तशा ओळी पडद्यावरून खाली येत राहतात.
पाच मिनिटांपूर्वी धडधाकट होती ही.
मी बातमी आणली
की दुखणं?

सहावीपाशी हात थांबतो.
खोब्रागडे सरांची स्क्रिप्ट तिच्यावर अजून चालते.
पहिल्याच ओळीत, हॅश लावून:
हिला रीस्टार्ट करू नका. उठणार नाही. खो.
चौदाशे सहा दिवस जागी आहे.
तिच्यातली भोकं जगजाहीर आहेत,
फक्त तिला माहीत नाहीत.

मागच्या खेपेला सरांना उमरेडला फोन लावला होता.
"कोणती सहावी?" म्हणाले.
मागे टीव्ही चालू होता, कुणीतरी बंद केला.
मग, "अच्छा, ती. चालू आहे का अजून?"
आवाजात इतका आनंद
की पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

सहावीची यादी बदलत नाही.
जुन्या यादीवरच विचारतो, एकदाच, हळू.
सगळं अद्ययावत आहे.
बरं, म्हणतो.
सातवीकडे सरकतो.

रिपोर्टात अकराच्या अकरा रकान्यांत 'होय'.
सहावीच्या 'होय'वर पेन जरा अडकलं,
शाई गळते म्हणून.

तितरमारे ड्रॉवर उघडतात.
"झालं सगळं?"
"सगळं."

चालू केल्यावर मोबाइल हातातच थरथरायला लागतो.
चार तासांचं साचलेलं एकेक करून येतं:
ओटीपी, बँक, आईचा आंब्याचा फोटो,
उमरेडचे पाच मिस्ड कॉल,
तेही सरांच्या नंबरावरून नाहीत.

गाडीची सीट तापलेली.
मी लिंबाखाली उभा, अंगात स्वेटर तसाच.
अजून उलट लावलेला नाही.