माठ वाजवतात तसं

फैजपूरहून येताना फुटपाथाच्या कडेला
घासलं, ते माझ्याच हातून.
अलॉयवर वीतभर ओरखडा,
आणि चार महिने रोज ताटावर त्याचाच विषय.

आज शेवटी भुसावळच्या नाक्यावर,
युनूस मणियारच्या दुकानी.
लोखंडी बाकडं इतकं तापलेलं की बसवत नाही.

हेमराज म्हणतो, "नवंच टाक भो, शोभत नाही."
युनूस बोलत नाही.
ओरखड्यावरून नख ओढतो. नख अडकत नाही.
मग चारी चाकं उतरवून, एकेक टांगून,
बाजारात माठ घेताना वाजवतात
तसा पान्याने ठोकतो.
ठण्.
ठण्.
माझंही ठण्.
चौथं मात्र बद्द बोललं.

बाहेरून कोरं करकरीत,
आतल्या काठाला केसाएवढी चीर.
मुक्ताईनगरच्या पुढचा तो खड्डा मला आठवला.
स्टिअरिंगवर कोण होतं, तेही.

"भरून चालेल का?" हेमराजने हळूच विचारलं.
"ओरखडा भरतो साहेब, चीर नाही. हे बदला.
ताईंचं घासून रंगवून देतो, आठशेत."

"रंगवू नका," मी म्हटलं,
"राहू द्या तसंच."

हेमराजने पाकीट काढलं
आणि बराच वेळ
नोटाच मोजत राहिला.